धारेचा शर्ट

मालवण,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुराज यास,
आण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे, काळजी नसावी. मंगळवारी सकाळी चारी म्हशींच्या धारा काढल्या, रतिबाचं दूध घातलं, चरव्या विसळून पालथ्या घातल्या आणि मगच घर सोडलं. सकाळचं एकही काम मी तुझ्यावर किंवा तुझ्या आईवर टाकलेलं नाही, हे लक्षात घे.

सायकल तुझी घेतली. मोटारसायकल नेली असती तर तू दुधाचे कॅन कशावर बांधले असतेस, म्हणून. भिंतीवरचा नकाशाही घेतला. खिळे तिथंच ठेवलेत. फोन गोठ्यात खुंटीला अडकवून आलो तो मुद्दाम. जवळ असता तर पहिल्याच चढावर कुणाचा तरी आला असता आणि मी मागं वळलो असतो. पत्राला तेवढी घाई नसते.

पहिला मुक्काम गगनबावड्याला पडला. दुसऱ्या दिवशी भुईबावड्याचा घाट उतरलो तेव्हा ब्रेक दाबून दाबून बोटं वळली होती. आणि काल समुद्र बघितला. कोल्हापूरहून एसटीनं पाच तासांवर समुद्र, आणि मी तो साठाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला. पाणी खारट असतं हे सातवीपर्यंतच्या शाळेत शिकलो होतो, तरी ओंजळीत घेऊन चाखलं. मासे निवडत बसलेल्या एका बाईनं विचारलं, काही हरवलंय का. मी नाही म्हणालो आणि तिथंच तासभर बसलो.

शेवंता दोन दिवस रुसेल. तिची कास कोमट पाण्यानं पूस, सरकीची पेंड जरा जास्त घाल, नाव घेऊन बोलत राहा. बाकीच्या तिघी कुणालाही देतात. तुझ्या सायकलीचं सीट फार टणक आहे, त्यावर मी पोतं दुमडून बांधलंय. तू कसा बसणार होतास कोण जाणे.

पुढं कारवारला जातो. तिथल्या मोठ्या पोस्टात पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर माझ्या नावानं पत्र टाक, ते ठेवून घेतात. आईला सांग की मी जेवतोय.

माया कमी करू नये.
तुझा आण्णा

*

कोल्हापूर,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आण्णा यांस,
सा. न. वि. वि. नमस्कार पद्धत म्हणून लिहिलाय, मनातून केलेला नाही.

तुमचं पत्र काल आलं. चरव्या पालथ्या घातल्या हे कळवल्याबद्दल आभारी आहे. बुधवारी सकाळपर्यंत तुम्ही घरी आला नाहीत, तेव्हा मी आणि संग्राम पंचगंगेच्या घाटावर तुमच्या चपला शोधत फिरत होतो. रंकाळ्याला फेरी मारली. आई दारात बसली होती ती पाणीसुद्धा घेईना. सायकल दिसली नाही तेव्हा मला वाटलं चोरीला गेली, म्हणून पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं विचारलं, एकाच दिवशी बाप पण गेला आणि सायकल पण गेली, तर संशय कुणावर. मी म्हणालो, आमच्या आण्णांना सायकलीचे गिअरसुद्धा कळत नाहीत. घरी येऊन बघतो तर भिंतीवर नकाशा नव्हता. चोर नकाशा नेत नाही, आण्णा.

दोन वर्षं मी ती सायकल एकेक भाग जोडत तयार केली. शिरोलीतल्या कारखान्याची नोकरी सोडली. मी आणि संग्रामनं, आम्ही दोघा दोस्तांनी, पंचवीस तारीख ठरवली होती, कोल्हापूर ते कन्याकुमारी. पाडव्याला म्हशी पळवल्या तेव्हा तुम्ही खुशीत होता, शेवंता शिंगाला मोरपिसं बांधून तुमच्या गाडीमागं पळाली, अख्ख्या गल्लीनं शिट्ट्या मारल्या. म्हणून भाऊबीज झाल्यावर मी विषय काढला. तुम्ही ताटावरून उठलात. जनावराला सुट्टी नसते, मला एकट्याला चार म्हशी रेटत नाहीत, तू गेलास तर गोठा कोण बघणार, एवढं बोलून हात धुतलेत. मी बॅगा बांधलेल्या होत्या तशाच ठेवल्या. आणि दहा दिवसांनी त्याच बॅगा घेऊन तुम्ही गेलात. माझा रस्ता, माझी सायकल, माझा तंबू. तुम्हाला जायचं होतं तर मला नाही का म्हणालात?

शेवंता दोन दिवस रुसेल म्हणालात. आज नववा दिवस आहे. रेडकू लावलं की त्याच्यापुरतं सोडते, मी चरवी घेऊन बसलो की पान्हा चोरते. माझ्या नडगीवर तिची लाथ बसलीय, चरवीला पोचा आलाय. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर तिला नेता येत नाही. तालमीतली पोरं धारोष्ण दुधासाठी पेले घेऊन उभी राहतात, आपली जागा रिकामी बघून शेजारी ज्ञानूकाकांकडं वळतात. ज्ञानूकाका म्हणाले, एक इंजेक्शन टोच, आपोआप पान्हावती बघ. तुम्ही आयुष्यभर त्या इंजेक्शनवरून भांडलात, म्हणून मी नाही म्हणालो. तुम्ही नसताना तुमचं तत्त्व मी सांभाळतोय, आणि जनावर आटायला लागलंय.

पंचवीसला अजून चार दिवस आहेत. कारवारहून कोल्हापूरला एका दिवसात येता येतं. आलात तर मी अजूनही जाऊ शकतो. संग्राम थांबायला तयार नाही, त्याची रजा ठरलेली आहे.

लोभ थोडाच उरलाय. तो टिकवायचा असेल तर या.
ऋतुराज

*

कारवार,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोस्टातून घेतलं. काल पंचवीस तारीख होती. पायरीवर बसून दोनदा वाचलं आणि मग मलाही राग आला, तो लिहितो.

बापाला चोर म्हणतोस. मी बारा वर्षांचा असताना माझ्या वडिलांचा हात कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेच्या गणवेशातच म्हशीखाली बसवलं. कुणी विचारलं नाही, रेटतंय का. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं, दिवसातून दोन वेळा, एक दिवस चुकलेलो नाही. माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधून मी धार काढली आहे, तुझी आई साक्षीला आहे. तू झालास तेव्हा दवाखान्यात तुझं तोंड बघून पाऊण तासात मी कट्ट्यावर होतो. वर्गातली पोरं सहलीला गेली, दोस्त तिरुपतीला गेले, मी त्यांचे प्रसाद खाल्ले. तू सत्तावीस वर्षांचा आहेस आणि नऊ दिवसांत तुझी नडगी दुखली.

दुसरी गोष्ट. तुझा नकाशा चांगला आहे पण खोटा आहे. जिथं तू सपाट धरलंयस तिथं चढ आहे, जिथं मुक्काम लिहिलायस तिथं पाणी नाही. मी तुझ्या लाल रेघेशेजारी निळ्या पेनानं लिहीत चाललोय. कुठं कुत्री मागं लागतात, कुठं देवळात झोपू देतात, कुठं नावेत सायकल घेतात. तू आंधळा निघाला असतास. बापानं पुढं जाऊन रस्ता बघितला, असं समज.

आता शेवंताचं. गोठ्यातल्या खुंटीला माझा धारेचा शर्ट आहे, निळ्या चौकडीचा. तो घालून बस. आपल्या घराची ही रीत तुला सांगायची राहिली कारण तू कधी तिच्याखाली बसलाच नाहीस. धारेचा शर्ट नुसत्या पाण्यातून काढतात, साबण कधी लावत नाहीत. म्हैस माणसाआधी वास ओळखते. मी पण पहिली धार काढली ती गणवेशावर वडिलांची कोपरी चढवून. ती मला गुडघ्यापर्यंत येत होती. पंधरा दिवसांनी कोपरी काढली, तोवर म्हैस माझी झाली होती. तेवढं कर, ती देईल.

मी आत्ता परत फिरणार नाही. पुढचं पत्र उडुपीला.

राग धरलास तरी वैरण वेळेवर घाल.
आण्णा

*

कोल्हापूर,
२ डिसेंबर २०२४

ह्यांस,
साष्टांग नमस्कार असं लिहायचं असतं. मी गोठ्यात उभ्यानंच लिहितेय.

तुमचा धारेचा शर्ट मी धुतला.

पोरगं पोलीस ठाण्यातून आलं आणि म्हणालं, आई, आण्णांना काही झालेलं नाही, आण्णा स्वतःहून गेलेत. तोवर मी देवाजवळ दिवा लावून बसले होते. तो विझवला, गोठ्यात गेले, खुंटीवरून शर्ट ओढला आणि पावडरीत दिवसभर भिजवला. दगडावर इतका आपटला की दोन बटणं फुटली. वर नीळ घातली. तेहतीस वर्षं तो वास मी उशाशी घेतला, म्हटलं आता घरात नको. असल्या शर्टाला साबण लावत नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या सासूनं मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. म्हणूनच लावला.

तुमचं पत्र वाचून ऋतू खुंटीकडं पळाला. इस्त्री केल्यासारखा शर्ट घालून चरवी घेऊन बसला. शेवंतानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. चार दिवस असंच चाललं. मग मला सांगावं लागलं. पोरापुढं मला मान खाली घालायला लागली ती तुमच्या पायी.

पंचवीसला संग्राम गेला. ऋतू त्याला शहराबाहेरपर्यंत सोडायला गेला, त्या कॅनच्या मोटारसायकलवरून. परत आला तो थेट शेण काढायला लागला. दोघांनी प्रवासासाठी भगवे शर्ट छापून घेतले होते, पाठीवर कोल्हापूर ते कन्याकुमारी असं लिहिलेले. त्याचा अजून पिशवीत घडी घातलेला आहे.

डॉक्टर येऊन गेले. कास कडक व्हायला लागलीय, असंच राहिलं तर शेवंता या वेताला कायमची आटेल म्हणाले. तेव्हा आता तुमच्या अंगात जो शर्ट आहे तो काढून पार्सल करा. धुवू नका. एवढं तरी या घरासाठी करा.

आणि तुम्ही ऋतूला लिहिलंत की कुणी मला विचारलं नाही. मला कोण विचारलं? तुम्ही धार काढायचा, शेण मी काढत होते. रतीब तुम्ही घालायचा, कॅन मी घासत होते. तुम्ही दोस्तांचे प्रसाद खाल्ले ते माझ्याच हातून अर्धे करून. समुद्र मी पण बघितलेला नाही. निघताना मला हाक का मारली न्हाय?

कळावे. लोभाचं तुम्हीच बघा.
मीनाबाई

*

उडुपी,
९ डिसेंबर २०२४

सौ. मीना हिस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रापुढं हा शब्द लिहायला लाज वाटली, तरी लिहिला.

शर्ट सोबत पाठवला आहे. निघालो त्या दिवसापासून सत्तावीस दिवस हाच अंगात होता, पाण्यातूनसुद्धा काढलेला नाही. पोस्टातल्या पोरीनं आत काय आहे विचारलं. जुना कपडा म्हणालो. तिनं नाक मुरडून शिक्का मारला. मला बाजारातून नवीन बनियन घ्यावी लागली.

मी ऋतूला लिहिलं की त्याच्यासाठी रस्ता बघायला आलो. ते खोटं आहे. खरं काय झालं ते सांगतो. त्या मंगळवारी रतीब घालून आलो तर सायकल भिंतीला टेकलेली. बॅगा बांधलेल्या, चाकांत हवा भरलेली, पाण्याची बाटली अडकवलेली. पोरानं इतकं नेटकं सगळं लावलं होतं की फक्त बसायचं बाकी होतं. तू नळावर गेली होतीस. मी म्हटलं, रंकाळ्यापर्यंत चालवून बघू. रंकाळ्यावरून म्हटलं फुलेवाडीपर्यंत. फुलेवाडीत चहा प्यायलो आणि स्वतःशी कबूल केलं की मी नकाशा आधीच भिंतीवरून काढून खिशात घातलाय. चालवून बघायला कुणी नकाशा घेत नाही. पोराचा विचार माझ्या मनात नव्हता, मीना. मला जायचं होतं. पोराला नाही म्हणालो तेव्हाच मला जायचं होतं. त्याच्या बॅगा बघून माझ्या पोटात दुखत होतं.

होन्नावरला एका चहावाल्याचा फोन मागून घरी लावला होता. तू म्हणालीस, कोण हाय. मी ठेवला. आणखी एक शब्द ऐकला असता तर पहिली गाडी धरली असती, आणि मला ती धरायची नव्हती.

तुला हाक का मारली नाही याचं उत्तर मी चार दिवस शोधतोय. मारली असती तर मी पण आले असं तू म्हणाली असतीस, आणि माझ्या तोंडून निघालं असतं की मग गोठा कोण बघणार. जे पोराला म्हणालो तेच.

इथं एका घरी रात्रीचं जेवू घातलं. त्यांच्याकडं सहा गायी आहेत, यंत्रानं धार काढतात. यंत्र चालू झालं आणि माझी बोटं आपोआप मिटायला-उघडायला लागली. घरधनीण हसली. मी हात पाठीमागं धरले.

शेवंतानं दूध दिलं की लगेच कळवा. पुढचा पत्ता कोझिकोडचं मोठं पोस्ट.

रागव, पण लिहीत जा.
कृष्णात

*

कोल्हापूर,
१७ डिसेंबर २०२४

ती. आण्णा यांस,
सा. न. वि. वि.

आईनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तिनं ते तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

पार्सल शनिवारी आलं. मी ते गोठ्यात नेऊनच फोडलं, वास उडू नये म्हणून. शर्ट घातला. शेवंता चांगली शांत उभी होती. मी जवळ गेलो तशी तिनं मान लांब केली, छातीशी हुंगलं, एकदा, दोनदा. मग फुरफुरली आणि असा हिसका दिला की दावं तुटलं. आई कोपऱ्यात उभी होती म्हणून वाचली. मी शर्ट काढून नाकाला लावला. डिझेल, सुकी मासळी, खोबरेल, कसल्यातरी फुलांचा वास. तुमचा वास त्यात नव्हता. शेवंतानं तुम्हाला ओळखलं नाही, आण्णा. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही.

त्याआधी एक सांगायचं राहिलं. संग्रामनं तुम्हाला भटकळच्या पुढं गाठलं होतं, तुमच्याबरोबर चहा घेतला आणि माझ्या फोनवर तुमचा फोटो पाठवला. तुम्ही हसताय. खालचे दात दिसतायत. सत्तावीस वर्षांत मला तुमचे खालचे दात दिसले नव्हते. तो फोटो बघून मला जो राग आला तो सायकल गेली तेव्हासुद्धा आला नव्हता. हा माणूस इतका हसू शकत होता आणि आम्हाला त्यानं दाखवलं नाही.

तर शनिवारची गोष्ट. तुमचा शर्ट मी गव्हाणीत फेकला. घालायला दुसरं काही हाताला लागेना, आईनं पिशवी पुढं केली. त्यात तो भगवा शर्ट होता. जायचंच नाही तर धारेला तरी वापरू, म्हणून घडी मोडली. शेवंताला परत बांधलं, चरवी घेऊन बसलो, तिच्या पोटाला कपाळ टेकलं आणि तुम्हाला शिव्या घालायला लागलो. मोठ्यानं, नाव घेऊन. कृष्णात असा, कृष्णात तसा. आई ऐकत होती, थांबवलं नाही. महिनाभर पोटात होतं ते सगळं तिच्या कासेजवळ ओतलं. बोलता बोलता चरवीत आवाज आला. मी खाली बघितलं तर धार लागली होती. तुमच्या नावाला सोडलं की माझ्या आवाजाला, मला माहीत नाही. चरवी भरली. आई तिथंच शेणात बसून रडली.

काल, आज, दोन्ही वेळा दिलं. कासेचा कडकपणा उतरतोय. डॉक्टर म्हणाले वाचली. ज्ञानूकाका पेढे मागत होते.

तुम्हाला वाटेल पोरगं आता निवळलं. उलट आहे. ती आता मला ओळखते. मी गोठ्याच्या दारात आलो की मान वळवते. म्हणजे तुम्ही गणवेशात जिथं बसलात तिथंच मी भगव्या शर्टात बसलो. बाराव्या वर्षी तुमचं काय झालं असेल ते मला पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यामुळं राग वाढला. ज्याला माहीतच नाही त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात दावं घातलं तर एकवेळ समजू शकतो. तुम्हाला त्याचा काच ठाऊक होता, गाठ कुठं रुतते ते ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही ते काढून माझ्या गळ्यात घातलंत आणि समुद्र बघायला गेलात.

एवढंच. पुढं काय ते तुम्ही ठरवा, आजवर तुम्हीच ठरवत आलात.
ऋतुराज

*

कन्याकुमारी,
११ जानेवारी २०२५

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

कोझिकोडला तुझं पत्र मिळालं. उत्तराला तीन वेळा बसलो आणि तीन कागद फाडले. एकात मी तुला रागावलो होतो, एकात रडगाणं होतं, एकात उपदेश. इथं येईपर्यंत काहीच लिहिलं नाही. काल पोहोचलो.

तुला खोटं लिहिणार नाही. मला फार आनंद झाला. तीन बाजूंना पाणी, आणि मी सायकल हातात धरून उभा. बाजूच्या माणसानं फोटो काढू का विचारलं. नको म्हणालो, कारण मी हसत होतो आणि तो फोटो परत तुझ्यापर्यंत आला असता.

मग शेवंतानं मला ओळखलं नाही हे आठवलं. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या हातांना एकच ओळख होती, आणि ती सत्तावीस दिवसांत पुसली. मला वाटलं होतं मला त्याचं बरं वाटेल. नाही वाटलं.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. गाठ कुठं रुतते ते मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी माझी माफी कधी मागितली नाही, म्हणून ती कशी मागतात ते मला येत नाही. चुकलो, एवढं लिहितो. तुझी तारीख मी खाल्ली. ती परत देता येत नाही.

सायकलीची दोन्ही चाकं नीट आहेत, मागचा टायर बदलला आहे. नकाशा निळ्या अक्षरांनी भरलाय.

येऊ का? घर माझंच आहे, तरी विचारतोय. तू आणि आई काय म्हणाल ते इथल्या पोस्टात पाठव. तोवर मी थांबतो. इथं मंदिराजवळच्या धर्मशाळेत भांडी घासून जेवतो.

उत्तराची वाट बघणारा,
आण्णा

*

कोल्हापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आण्णा यांस,
सा. न. वि. वि. या वेळी केला आहे.

या.

पण कसं यायचं ते मी सांगणार. रविवारी, दोन फेब्रुवारीला, सकाळी अकरापर्यंत हातकणंगले स्टेशनवर उतरायचं. सायकल रेल्वेच्या पार्सलातून मिरजेपर्यंत आणा, तिथून पॅसेंजरनं. मी सकाळची धार काढून, रतीब घालून, चरव्या पालथ्या घालून एसटीनं तिथं येतो. म्हणजे सकाळचं कुठलंच काम तुमच्यावर पडणार नाही, हे लक्षात घ्या.

सायकल स्टेशनवरच माझ्या ताब्यात द्यायची. मी तुमच्याबरोबर घरी परत येणार नाही. तिथून पूर्वेला सुटणार, सोलापूर, हैदराबाद, पुढं पुरीपर्यंत. कन्याकुमारी तुम्ही वापरून टाकलीत, मला दुसरा समुद्र धरावा लागला. एकटाच जाणार आहे. कोल्हापूरला बोलावलं असतं तर कट्ट्यावरच्या लोकांनी हार घातले असते आणि मी तुमच्या शेजारी उभा राहून हसलो असतो. ते मला अजून जमणार नाही. राग गेलेला नाही, आण्णा. तो बरोबर घेऊन निघतोय, वाटेत उतरला तर उतरला.

निळ्या पेनाचा नकाशा मला नको. तो आईला द्या. तुमचं येऊ का वाचल्यावर ती पहिलं हे म्हणाली की, येऊ दे, पण ऋतूच्या मागोमाग माझा नंबर हाय. सायकल तिला येत नाही, एसटीनं जाणार आहे, गगनबावडा, मालवण, कारवार, तुम्ही जिथं जिथं बसलात तिथं बसणार आहे. तिनं पिशवी विकत आणलीय. तेव्हा गोठा कोण बघणार हा प्रश्न तुम्ही आता दोघांनाही विचारायचा नाही.

शेवंता रोज कट्ट्यावर जाते. तालमीतली पोरं परत आपल्याकडं आलीत. पण ती फक्त मला देते. तुम्ही तिच्यासाठी आता परके आहात, त्यामुळं पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. माझा भगवा शर्ट गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवतोय. तो घालूनच बसायचं, घरी आणि कट्ट्यावरसुद्धा. पाठीवर कोल्हापूर ते कन्याकुमारी लिहिलंय. लोक बघतील. बघू देत, तुम्ही जाऊन आलाय. पंधरा दिवस लागतील असं तुम्हीच म्हणाला होता. लाथ मारली तर नडगी सांभाळा.

लोभ किती उरलाय ते स्टेशनवर समोरासमोर बघू.

आपला,
ऋतुराज

ता. क. शर्टाला साबण लावू नका, आईलाही सांगितलंय. परत आल्यावर मला तोच घालून बसायचं आहे.